पांढऱ्या डोळ्याचं बदक

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. अकरा वर्षं पत्र नाही, याची माफी कुठल्या तोंडानं मागू? तरी मागतो.

पाण्याचे नमुने घ्यायला मी रोज पंपघराच्या तळ्यावर जातो. नोव्हेंबरपासून तिथे एक तांबूस बदक आहे, शेपटीखाली पांढरं, सारखं बुड्या मारणारं. आलं तेव्हा डोळा काळपट होता, डिसेंबरात राखी झाला, आज स्वच्छ पांढरा. म्हणजे नरच, पण कोवळा.

अकरा वर्षांपूर्वी तू हेच लिहिलं होतंस: पांढऱ्या डोळ्याचं बदक, कोवळा नर, डोळा अजून काळपट. पक्षिगणनेच्या नोंदी तपासणारा मी. नराचा डोळा पांढराच हवा, म्हणून तुझी नोंद खोडली. शेंडीवाल्या बदकाची मादी असेल, तिच्याही शेपटीखाली कधीकधी पांढरं असतं, असं पक्षिमित्र मंडळात सांगितलं. वर, ताईला असतं ते नाही, हवं ते दिसतं, अशी कोटी केली. लोक हसले. तू दुर्बीण पिशवीत घालून निघून गेलीस.

बरोबर तू होतीस.

लोभ वाढव म्हणायचा हक्क नाही; उरला असेल तेवढा राहू दे.
तुझा धाकटा

१८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. अक्षर सूनबाईचं, बोलणं माझं. माणसाच्या तोंडाच्या जागी मला आता डाग दिसतो. सूनबाई म्हणते, बरंय, माझं तोंड बघावं लागत नाही.

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एक ठाऊक असू दे. सहा वर्षांपूर्वी सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, तेव्हा मी वर्षभर कुणाला बोलले नाही. वाटलं, आपलं बघणंच मुळात कच्चं. पुन्हा हसं कशाला. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर इंजेक्शनांनी नजर बरीच वाचली असती. तुला बोल लावत नाही.

दर तपासणीला सूनबाईची रजा जाते. आता पुरे, तीस तारखेला मी जाणार नाही.

ते बदक किती वेळ बुडून राहतं, मोजून कळव.
तुझी ताई

२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. मंडळाला दुरुस्ती लिहिली. पहिल्या मसुद्यात 'नवी माहिती मिळाल्याने' असं होतं. तो फाडला. माहिती तेव्हाही पुस्तकात होती. मी पुढचं पान उलटलं नव्हतं. तसंच लिहिलं. कोटीही लिहिली.

बदक वीस-पंचवीस सेकंद खाली असतं. दर वेळी वाटतं, गेलं.

तुझ्या एका वर्षाचं मी काय करू, कळत नाही. तीस तारखेला तुला न्यायला मी येतोय. सूनबाईला सांग, ऑफिसला जा.

उद्याचं माझं काम: रजेचा अर्ज.
तुझा धाकटा