डाव्या हाताचा गोळा

बुधवार, १२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. सगळे म्हणजे मी आणि बाबा, तिसरं आहे कोण? बाबांचा गुडघा धरलाय, पण औषध वेळेवर घेतात. गॅरेजमध्ये काम भरपूर आहे. नवा जॅक घेतला. मागच्या भिंतीला एकदाचा रंग दिला, तुला ओळखू येणार नाही.

गेले दोन रविवार बाबा फोनजवळ आले नाहीत. तू विचारलंस तेव्हा मी त्यांचा कान दुखतोय म्हणाले. कानाला नवीन काही झालेलं नाही. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, तू बोलतोस आणि मी मोठ्याने सांगते, एवढंच जुनं दुखणं.

आपल्या पिकअपचं सांगते. ट्रान्सफर केसला तडा गेला तेव्हापासून पुढच्या चाकांना ताकद जात नव्हती आणि खाणीच्या चढावर बंद पडलेली गाडी ओढून आणायची म्हणजे अंगावर काटा. दुसरी केस घ्यायचं ठरलं. चेनवाली घ्यायची की गिअरवाली, यावर महिनाभर आमचं चाललं होतं. मी पहिल्या दिवसापासून गिअरवाली म्हणत होते. जड असते, आवाज करते, पण ओढकामाला तीच टिकते. चेन सैल पडली की पुन्हा सगळं खोला. बाबा म्हणायचे, "बघू. धाकट्याला विचारू."

मग तुझा फोन आला. तू म्हणालास गिअरवाली घ्या, चेन सैल पडते. ते मीच माझ्या तोंडाने बाबांना ओरडून सांगितलं. बाबांनी मांडीवर थाप मारली. "बघ, याला म्हणतात कळणं." माझेच शब्द, माझाच आवाज, आणि कौतुक तुझं.

अठरा वर्षं मी या गाड्यांखाली पाठ घासतेय. तू मोठ्या वर्कशॉपात गेलास, हातमोजे घालून काम करतोस, रविवारी दहा मिनिटं बोलतोस. माझं डोकं फिरलं. तू म्हणत होतास, "ताई, आणि एक लक्षात ठेव," तेवढ्यात मी फोन ठेवून दिला. बाबांना म्हटलं, लाइन कट झाली.

दुपारीच भंगारवाल्याकडे जाऊन केस उचलली. गिअरवाली, दाते शाबूत, मला फार आवडली. बाजू पाहिली नाही. रागात होते, दुसरं काय. घरी आणून खाली धरली तर पुढे जाणाऱ्या शाफ्टचं तोंड उजव्या हाताला, आणि तो शाफ्ट ज्यात जाऊन बसतो तो आपल्या पुढच्या ॲक्सलचा गोळा डावीकडे. शिकाऊ माणूसही आधी वाकून हे बघतो. बाबांनी विचारलं, "ही कशी आणलीस?" मी पाना पुसत म्हणाले, "धाकट्यानेच सांगितली."

मला वाटलं, आता तुझ्यावर चिडतील. चिडले नाहीत. तो गुडघा घेऊन दोन दिवस गाडीखाली पडून राहिले. "त्याने काही विचार करूनच सांगितलं असेल," म्हणायचे आणि ती केस इकडून तिकडून लावून बघायचे. माझी चूक म्हणाले असते तर एका वाक्यात निकाल लागला असता. तुझ्या चुकीलाही त्यांच्याकडे मान होता, त्यानेसुद्धा माझ्या अंगाची आग झाली.

तिसऱ्या दिवशी उठले, हात धुतले आणि म्हणाले, "ज्या गाडीवर तो चालवायला शिकला, तिचा गोळा कुठल्या हाताला ते विसरला. त्याचं लक्ष उडालं गं आपल्यावरून." तेव्हापासून ते फोनजवळ येत नाहीत.

खरं लिहू? ते दोन रविवार मला बरे गेले. बाबा दर गोष्टीत मला विचारत होते. तुझं पोस्टकार्ड मी फोन ठेवला त्याच आठवड्यात आलं होतं: "फोन कट झाला. गोळ्याची बाजू बघून घ्या, आपला डाव्या हाताला आहे." मी ते स्पॅनरच्या खणात खाली सरकवलं. रोज खण उघडत होते, रोज बंद करत होते.

काल बाबा चहा पुढ्यात ठेवून नुसते बसले होते. साय धरली तरी कपाला हात नाही. दोन दिवस असंच चाललंय. मला बघवेना.

आज सकाळी कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. फोन मी ठेवला, केस मी बघितली नाही, नाव तुझं मी घेतलं. वाटलं, आता कानाखाली बसेल. बसायला हवी होती. त्यांनी चष्मा लावला, कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे तो विसरला नव्हता तर."

इतकं खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नाही. मी काय केलं ते बहुतेक त्यांच्या कानावर आलंच नाही. मी समोर उभी होते, आणि ते कार्ड तिसऱ्यांदा वाचत होते.

माफ कर म्हणणार नाही. आधी जळणं थांबायला हवं, आणि ते अजून थांबलेलं नाही.

तुझीच,
ताई