एक्केचाळीस शब्दांची वाटणी

मी, बद्रीनाथ पुंजाजी दांडगे, वय ७६, शिक्षण सातवी, राहणार मुकुंदवाडी, पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवतो की माझ्यावर कोणाचा दबाव नाही. रक्तदाब आहे, पण तो काळजीने.

१. राहत्या दोन खोल्या पत्नी द्वारकाबाई हिच्या. गुलमंडीच्या दुकानात चाळीस वर्षं ज्याने कापड मोजलं, तो लोखंडी गजही तिचाच. पोरं भांडली तर कामी येईल.

२. नात मोनाली विद्यापीठात भाषांचा अभ्यास करते. पेरू देशाच्या जंगलातल्या इस्कोनावा लोकांच्या एका आजीचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ती घरी लावून ऐकायची. तिच्याजवळ बसून बसून मला एक्केचाळीस शब्द आले. मोनाली हसत म्हणाली, "आबा, ही भाषा येणारी मोजकीच म्हातारी माणसं उरलीत. तुम्ही धरून एक वाढला." तेव्हापासून मी रस्ता ओलांडताना तिघांना विचारतो. मी गेलो तर एक कमी होणार.

३. म्हणून मी शब्द वाटून टाकले होते. थोरल्या राजेंद्रला वीस, धाकट्या कृष्णाला वीस. उरलेला 'मका' शेजारी मोतीरामला दिला. तो आता त्या शब्दाने शेळीला हाक मारतो. शब्द परत घ्यावा.

यादी पाहून मोनालीने कपाळाला हात लावला. "आबा, 'भाऊ' पप्पांकडं अन् 'आला' कृष्णाकाकाकडं! वाक्य कोण बोलणार? हा काय कापडाचा तागा आहे का, फाडून द्यायला?"

"राहू दे," द्वारकाबाई म्हणाली. "तसंबी नऊ वर्षं बोलत नायत दोघं."

पाण्याच्या टाकीचं झाकण कोणी उघडं टाकलं, त्यावरून हा अबोला आहे.

४. सबब जुनी वाटणी रद्द. शब्द सामाईक राहतील, ते लिहिलेली वही मोनालीकडे राहील. शब्द आपले नाहीत, त्या आजीच्या लोकांचे आहेत, नीट सांभाळावेत. माझ्या दहाव्याला राजेंद्र आणि कृष्णा यांनी समोरासमोर बसून त्या भाषेत 'भाऊ आला' म्हणावं. तुमचं भांडण मराठीत झालंय. त्या भाषेत अजून झालेलं नाही.

५. माझी बातमी सिल्लोडच्या पाहुण्यांआधी पेरूला कळवावी, म्हणजे ते मोजणीतून माझं नाव काढतील. मोनाली म्हणते, त्यांनी ते धरलेलंच नाही. तरी कळवावं.

६. झाकण मी उघडं टाकलं होतं. एक्केचाळीस शब्दांत 'झाकण' नाही, नाहीतर आधीच सांगितलं असतं.

ठिकाण : मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : ९ जानेवारी २०२५

सही : बद्रीनाथ पुंजाजी दांडगे

साक्षीदार :
सम्यक खरात (सही)
मोतीराम काकडे (सही. झाकणाचं मला तेव्हापासून ठाऊक होतं. शब्द परत मिळणार नाही, शेळीला सवय झाली आहे.)