एकाच टपालातली दोन पत्रं

प्रिय पिटुकले,

सव्वीस वर्षांच्या वकीलबाईंना अजून पिटुकली म्हणते म्हणून रागावू नकोस. तुझ्या पूर्ण नावाने सुरुवात केली असती तर पुढचं लिहायला हात धजावला नसता. ऑफिसात जेवणाची सुट्टी चालू आहे. बाकीची मंडळी खाली गेली आहेत आणि मी जुन्या निकालांच्या कपाटाआड बसून लिहिते आहे. सोमवारनंतर तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा जेवलीस का, सर्दी कशी आहे, असलं काहीतरी विचारून ठेवून दिला. तुला वाटलं असेल, वहिनी किती काळजी करते! कसली काळजी गं. खरं बोलायला जीभ रेटत नव्हती, म्हणून हे पत्र.

पेटंट न्यायालयातली दोन वर्षांची लॉ क्लर्कशिप घेणार की नाही, हे तुला मंगळवारपर्यंत कळवायचं आहे. नाहीतर आमची फर्म आहेच. तू सल्ला मागितलास आणि मी तो चांगला तासभर दिला. न्यायाधीशबाईंच्या हाताखाली टिपणं लिहीत बसायचं, राबायचं तू आणि निकालावर नाव त्यांचं, दोन वर्षांनी हात हलवत बाहेर. त्यापेक्षा खाजगी वकिलीत पहिल्या दिवसापासून स्वतःचे अशील, दारावर स्वतःची पाटी. इतकं छान बोलले की माझं मलाच पटायला लागलं. शेवटी तू म्हणालीस की वहिनी, तूसुद्धा दहा वर्षांपूर्वी हीच क्लर्कशिप नाकारली होतीस, म्हणजे तुला आतलं माहीतच असणार. त्यावर मी विषय बदलला आणि तू तो होकार समजलीस.

मी नाकारली नव्हती. मला मिळालीच नव्हती.

मुलाखतीपर्यंत पोचले होते, एवढं खरं. निवड झाली नाही हे कळलं त्या संध्याकाळी तुम्ही सगळे बाहेरच्या खोलीत वाट बघत बसला होता. तूही होतीस, शाळेच्या कपड्यांतच. दारात चप्पल काढता काढता मी बोलून गेले की मीच नको म्हटलं, सरकारी कारभार आपल्याला नाही झेपायचा. एक वाक्य, बस्स. पण तुझ्या दादाने ते उचललं आणि आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवलं. आमच्या हिने न्यायालयाला नकार दिला, म्हणून त्याची छाती फुगायची, आणि मी पाण्याचे पेले उचलायच्या निमित्ताने आत जायचे. दहा वर्षं पेले उचलते आहे, बाई.

मी या घरात आले तेव्हा तू आठवीत होतीस. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तुझा गृहपाठ, दुसऱ्या टोकाला माझे पेटंटचे अर्ज. एकदा मी एका न गळणाऱ्या झाकणाची आकृती काढली होती आणि तू ती लाल रंगाने रंगवून ठेवलीस. मी ओरडले, तू रडलीस. मग मी तुला जवळ घेऊन समजावलं की या अर्जात रंग चालत नाहीत, नुसत्या काळ्या रेघा आणि आकडे, आणि जे खरोखर नवं आहे तेवढंच आपलं म्हणून मागायचं. तू नाक पुसत पुसत माझा मजकूर वाचलास आणि म्हणालीस की असं झाकण तर आपल्या खोकल्याच्या बाटलीला आहे. होतंच की गं! तीन आठवडे मी जगभरचे कागद धुंडाळले होते आणि झाकण न्हाणीघराच्या फळीवर बसलं होतं. मी ते सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले. पण त्या कौतुकात कुठेतरी मला बारीकसं टोचलंही होतं. तेरा वर्षांच्या पोरीवर जळायचं म्हणजे हद्दच झाली, म्हणून तेव्हा ते झटकून टाकलं. ते गेलं नव्हतं. तू वकिलीला गेलीस, पहिली आलीस, माझ्याच विषयात शिरलीस, आणि दर वेळी मी आधी जळायचे आणि मग तुला मिठी मारायचे.

यंदा तू फोनवर सांगितलंस की क्लर्कशिपचा अर्ज भरते आहे, वयाची अटसुद्धा काढली आहे म्हणे. दुसऱ्या दिवशी मीही भरला. कुणालाच सांगितलं नाही, तुझ्या दादालाही नाही. परीक्षेच्या दिवशी एका अशिलाच्या कारखान्यात जाते म्हणून निघाले. आणि तू माझ्या जुन्या वह्या मागितल्यास, आठवतं? मी म्हटलं, ऑफिसातल्या एकीला दिल्या, परत आल्या नाहीत. वह्या माझ्या कपाटात स्वेटरांखाली होत्या. मी त्या रोज वाचत होते. तू बिचारी म्हणालीस, असू दे वहिनी, तू शिकवलेलं सगळं डोक्यात आहे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण वह्या काही मी पाठवल्या नाहीत.

मग गेला गुरुवार. एकाच टपालात दोन पाकिटं, एकाच शिक्क्याची. तुझा कायमचा पत्ता आमचाच, म्हणून तुझंही इथेच आलं. मी माझं आधी फोडलं. अर्ध्या पानाचं, नकाराचं होतं. मग तुला फोन लावला आणि तू किंचाळलीस, फोड ना वहिनी, वाच ना! मी उभ्याने वाचलं. तुझ्याबद्दल लिहिलं होतं की परीक्षेतल्या खटल्यावरच्या टिपणात हरणाऱ्या बाजूचं म्हणणंही इतक्या नेटकेपणाने मांडलं आहे की न्यायाधीशांना स्वतः विचार करायला जागा राहते. माझ्या पत्रात त्याच टिपणाबद्दल एक ओळ होती, की लेखन सफाईदार आहे, परंतु एका पक्षाकडे झुकलेलं आहे. डाव्या हातात माझं पत्र, उजव्या हातात तुझं, आणि फोनच्या पलीकडे तू हसत-रडत. मी तुला अभिनंदन म्हटलं नाही. तुझ्या ते लक्षातही आलं नाही, कारण तू माझेच आभार मानत होतीस. तुझ्या प्रत्येक आभाराबरोबर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी शिकवलेली पोर, माझ्या टेबलावर, माझ्या पेन्सिलीने शिकलेली!

त्यानंतर मी जे उद्योग केले ते ऐक. आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगंबाई, एवढं शिकून शेवटी क्लर्क? मला एका वाक्यात समजावता आलं असतं की आई, हा फायली लावणारा क्लर्क नव्हे, न्यायाधीशांबरोबर बसून खटला समजून घेणारा, देशभरातून दोनच निवडतात. मी काय केलं? त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला आणि म्हटलं, हो ना आई, मलाही तेच वाटतं. म्हणून त्यांनी तुला फोन करून डोकं खाल्लं. आणि आमच्या मोठ्या साहेबांचं नोकरीचं पत्र तुला आलं ते तुझी कीर्ती ऐकून नव्हे. मी दोन दिवस त्यांच्या कानाशी लागले होते. सोमवारच्या आत होकार द्या, ही घाईसुद्धा माझी. साहेब वर्षभर थांबतील, त्यांना काही नडलेलं नाही. तू दोन पारड्यांत तोलते आहेस म्हणालीस ना, त्यातल्या एका पारड्यावर माझा हात होता.

आता हात काढून सांगते. खाजगी वकिली वाईट नाही. पिशवीतून चमत्कारिक वस्तू घेऊन माणसं येतात, टेबलावर मांडतात आणि आपण ती बघताना आपल्या तोंडाकडे बघत राहतात. एक सुतार घडीची शिडी घेऊन आला होता, हसतच होता सारखा. ती त्याने प्रदर्शनात आधीच सगळ्यांना दाखवून टाकली होती. आता तिचं पेटंट मिळायचं नाही, हे त्याला सांगायची पाळी माझ्यावर आली. तो उठून गेल्यावर मी बराच वेळ शिडीच उघडत-मिटत बसले, ती विसरून गेला होता तो. असली माणसं तुला न्यायाधीशांच्या दालनात भेटणार नाहीत, तिथे त्यांचे फक्त कागद येतात. हे नुकसान आहे, खोटं कशाला बोलू? पण माझ्या पत्रातली ती ओळ खरी आहे गं. इतकी वर्षं मी कागद हातात घेतला की आधी बघते, आपला पक्ष कोणता. परवा पंख्याच्या वेगावरून आईंचं आणि तुझ्या दादाचं वाजलं, तर भाजी चिरता चिरता मी दादाच्या बाजूचे मुद्दे काढायला लागले, त्याने मागितले नसताना! ही खोड लागायच्या आधी दोन वर्षं दोन्ही बाजू वाचायला मिळणं, हे फार मोठं आहे. नंतर फर्म कुठे पळून जाते? आणि ती खोड एकदा लागली की न्यायालय घेत नाही, हे तुला माझ्याइतकं खात्रीने कोण सांगणार!

आणि आता जे सांगायला हे सगळं लिहिलं ते. सोमवारी मी तुला म्हटलं होतं की एका पाण्याच्या मीटरसारखं आधी कुणी काही काढलं आहे का, ते शोधायचं छोटंसं काम आहे, शनिवार-रविवारात करून दे, कागद दादाबरोबर पाठवते. वहिनीचं काम म्हणून तू एका शब्दात हो म्हणालीस. त्या मीटरचा खटला तुझ्याच न्यायाधीशबाईंपुढे चालू आहे. आणि तुझ्या पत्रात पाचवं कलम असं आहे की निवडीनंतर त्यांच्यापुढे खटला असलेल्या कुणाचंही काम करणाऱ्या उमेदवाराची निवड रद्द होईल. फोनवर वाचताना मी चौथ्यावरून सरळ सहाव्यावर गेले. तू तासभर जरी ते काम केलं असतंस तर पुढे मूळ पत्र हातात पडल्यावर तूच प्रामाणिकपणे न्यायालयाला कळवलं असतंस, निवड गेली असती, आणि हळहळायला सगळ्यांत पुढे मी आले असते. दादाने हे पाकीट देताना सांगितलं असेल की वहिनीने काम पाठवलंय. त्याला तसंच वाटतं आहे. काम नाही पाठवलं, ते कागद आज सकाळी साहेबांना परत केले. सोबत तुझं मूळ पत्र आहे, सगळ्या कलमांसकट, आणि त्याखाली माझं अर्ध्या पानाचंही लावलं आहे. दादाला दाखवलंस तरी चालेल. मला अजून जळतंय पिटुकले, हे लिहितानाही जळतंय, आणि अभिनंदन हा शब्द एवढ्यात माझ्या तोंडून निघेल असं वाटत नाही. त्याची वाट बघू नकोस. सही कर.

तुझीच,
वहिनी