खडूची खूण आणि एक दात चुकलेला पट्टा

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
बालविज्ञान फिरती प्रयोगशाळा,
चिखली, जि. बुलढाणा

विषय : प्रयोगशाळेची गाडी भंगारात काढण्यापूर्वी तिच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट एकदा उघडून पाहण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज (पैकी एकास उत्तर मिळाले, नकाराचे).

महोदय,

१. अर्जदार वैजनाथ त्र्यंबक धर्माधिकारी, सेवानिवृत्त शिक्षक, वय ७४, राहणार सोनाळा, हा गेली नऊ वर्षे आपल्या गाडीसोबत अकरा गावांतील शाळांत विनामानधन प्रयोग दाखवत आला आहे. गाडीत एकच सूक्ष्मदर्शक आहे. त्याखाली कांद्याचा पापुद्रा पाहून चौथीतली डिंपल ओरडली होती, "गुरुजी, ह्या त विटा रचून ठेवल्या!" आता ती रोज विचारते, "गाडी कवा येते?" या गाडीच्या जागी दुसरी येणार नाही, हे आपण कळवलेच आहे.

२. जुलैत सोनाळ्याच्या शाळेच्या आवारात आपले मेकॅनिक अविनाश यांनी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाची वरची व खालची चाके एका मेळात फिरवणारा दातेरी पट्टा, बदलला. जुना झाला होता, एवढेच कारण. त्या सकाळपर्यंत गाडी ठणठणीत होती. संध्याकाळी ती सुरू होईना, झाली तर उभ्या उभ्या थरथरे, हवेच्या नळीतून फटफट आवाज करी आणि साध्या चढावर तिचा दम जाई. प्लग बदलले, पेट्रोलची जाळी बदलली. फरक पडला नाही.

३. पुढे आपल्या तपासणी समितीने इंजिनाचा दाब मोजला. तो चारही सिलिंडरांत सारखाच कमी भरला, म्हणून "इंजिन पूर्ण झिजले" असा शेरा पडला. अर्जदाराचे नम्र म्हणणे असे की, एक मूल नापास झाले तर त्या मुलाकडे पाहावे. अख्खा वर्ग एकाच दिवशी, सारख्याच गुणांनी नापास झाला तर मास्तराकडे पाहावे. चार सिलिंडर एका दुपारीत सारखे झिजत नाहीत. पट्टा एक दात चुकून बसला आहे. त्यामुळे झडपा वेळेवर मिटत नाहीत आणि दाब धरत नाही. हे कार्यालयात समजावले तेव्हा लिपिक चंद्रशेखर म्हणाले, "गुरुजी, आता इंजिनाले बी पाढे शिकवता काय?" सगळे हसले. अर्जदारही हसला.

४. दात का चुकला, हे पहिल्या दोन अर्जांत लिहिले नव्हते. पट्टा काढण्यापूर्वी अविनाश म्हणाले, "गुरुजी, एखांदा खडू असन त द्या." वरचे चाक पूर्वी कधीतरी बदललेले, त्यावर कंपनीची खूण नव्हती. त्यांनी दोन्ही चाकांवर खडूने रेघा ओढल्या, पट्टा काढला आणि जेवायला गेले.

येथे "अर्जदाराने" असे लिहिणे बरे दिसणार नाही. त्या रेघा मी पुसल्या. वर्ग सोडताना फळा पुसायची अडतीस वर्षांची सवय. हात आपोआप फडक्याकडे गेला. पुसता पुसता वरचे चाक फिरलेही. परत आल्यावर अविनाश यांनी दोन्ही चाकांवर रेघा शोधल्या. मग म्हणाले, "आता अंदाजानंच बसवा लागते, गुरुजी." समितीपुढे त्यांनी माझे नाव घेतले नाही. मीही घेतले नाही.

५. तरी विनंती की, पट्टा एक दात सरकवून दाब पुन्हा मोजावा. दोन तासांचे काम आहे. गाडीचा लिलाव सोमवारी सकाळी दहाला आहे. शनिवार-रविवार कार्यालय बंद, म्हणून हा अर्ज दारावरच्या पेटीत टाकत आहे. ती पेटीही सोमवारी दहालाच उघडते, हे अर्जदारास ठाऊक आहे.

६. ते न जमल्यास निदान अहवालातील "इंजिन झिजले" हा शेरा खोडून "शिक्षकाने खूण पुसली" असा करावा. डिंपलला कारण सांगावे लागेल. चुकीचे उत्तर फळ्यावर ठेवून वर्ग सोडणे अर्जदारास अजून जमत नाही.

आपला नम्र व चुकलेला,
वै. त्र्यं. धर्माधिकारी

ठिकाण : चिखली
दिनांक : १५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

सोबत :
१. काढलेला जुना पट्टा.
२. तोच खडू, उरलेला अर्धा (दोन रेघांना पुरेल).