तुम्ही न काढलेला चौकोन

बाबा, मी चिडले आहे. ज्यांच्यावर चिडले त्यांत तुम्हीही आहात, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की नांदुऱ्याच्या बाजारात तुम्ही रंगवलेली एकही दुकानाची पाटी उरलेली नाही. सगळीकडे छापील फ्लेक्स लागलेत. तुमचा तो मांजरपाटाचा पडदा मात्र लोक अजून आठवतात. दर जयंतीला तुम्ही तो समाजमंदिराच्या भिंतीवर ताणून बांधायचे. त्यावर आखलेल्या चौकोनांत तुमच्या आजीची गोष्ट रंगवलेली असायची, आणि हातात छडी घेऊन तुम्ही एकेक चौकोन सांगत पुढे सरकायचे. गावातल्या दुसऱ्या कोणाच्याही घरच्या माणसाची अशी चित्रकथा नव्हती. आपण म्हणजे इतिहासातली माणसं, असं मला पोरवयात वाटायचं ते त्या पडद्यामुळे.

गोष्ट तुम्हीच शंभर वेळा सांगितलेली, तरी लिहिते, कारण सगळं तिच्यावरच अडलं आहे. इंग्रजी अमलातली गोष्ट. तुमची आजी गावची सुईण. कोणत्याही घरची बाई अडली की बोलावणं तिलाच यायचं. पण मोठ्या घरांत तिनं जायचं ते मागच्या दारानं, गोठ्यातल्या शेणामुतातून. लेकरू हातात झेलायचं, नाळ कापायची, आणि ती बाहेर पडली की तिच्यामागे गोमूत्र शिंपडलं जायचं. तिच्या कामाचे दाणे ओट्यावरून सुपानं तिच्या पदरात टाकायचे, हाताला हात लागू न देता. मग एका भर दुपारी पाटलाची सून अडली. तुमची आजी आली आणि पुढच्या दाराच्या पायरीवर बसली. म्हणाली, "पुढच्या दारानं येईन, नाही तं येनार नाही." पाटील वरून ओरडतो आहे, आतून बाईच्या किंकाळ्या येताहेत, आणि ही ढिम्म. शेवटी पाटील बाजूला झाला. ती पुढच्या दारानं आत गेली, पोरगी जन्मली, आणि त्यानंतर गावातल्या एकाही घरी ती मागच्या दारानं गेली नाही. शेवटच्या चौकोनात तुम्ही तिला उंबऱ्यावर काढायचे, भरदार, काळी, दारापेक्षा मोठी.

मला एक संध्याकाळ आठवते. आई चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापते आहे आणि तुम्ही तिच्याच शेजारी बसून डबीत रंग घोटताय. पडद्यावरच्या एका चौकोनाचा रंग उडाला होता, तो पुन्हा रंगवायचा होता. मी विचारलं, "बाबा, अन् ती आतली बाई मेली असती तं?" तुमचा हात थांबला. "कोनं शिकोलं तुले हे?" "कोनंच नाही. मलेच वाटलं." तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "असे सवाल बाहेरचे लोक इचारतात. तू घरची हायेस. पुन्हा इचारजो नोको." आई म्हणाली, "लेकरू हाय, इचारनारच नं." तुम्ही डबी उचलून अंगणात निघून गेलात. मी पुन्हा विचारलं नाही. पण तुमच्या पडद्यावर ती बाळंतीण कुठेच नव्हती, हे त्या दिवसापासून मला दिसायला लागलं. तिच्या नुसत्या किंकाळ्या होत्या, त्याही तुमच्या तोंडून.

आता मी बुलढाण्यात राहते आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. मागच्या वर्षी पुण्याच्या एका प्रकाशनानं विचारणा केली. इतिहासातल्या पण पुस्तकांत न आलेल्या माणसांच्या खऱ्या गोष्टी ते चित्रकथेच्या रूपात काढणार होते. मी तुमच्या आजीची गोष्ट पाठवली, त्यांना आवडली. मी सगळी पानं रेखाटून, रंगवून दिली. काही आठवड्यांनी ती "किरकोळ दुरुस्त्या" होऊन परत आली. बाबा, तुमची आजी गोरी झाली होती. तिच्या अंगावर इस्त्रीचं लुगडं होतं. ती "येनार नाही" म्हणत नव्हती, "मी येणार नाही, क्षमा असावी" म्हणत होती. आणि पाटील! पाटील दारात हात जोडून उभा होता, त्याच्या तोंडापुढच्या फुग्यात लिहिलं होतं, "या आजी, हे घर तुमचंच आहे."

मी फोन लावला. संपादक गोड बोलणारा माणूस. "मॅडम, मुलांसाठी आहे ना, शेवट सलोख्याचा हवा. कडवटपणा नको." मी म्हटलं, "ती पायरीवर बसली म्हणून दार उघडलं. पाटलानंच बोलावलं तर ती बसली कशाला?" "ते आपण जरा सौम्य केलंय." "आणि रंग?" "छपाईत गडद रंग उठत नाहीत हो." ज्या बाईला वर्षानुवर्षं मागच्या दारानं आत घेतलं, तिला यांनी पुस्तकातही मागच्याच दारानं घेतलं. वर हसवून, गोरी करून. मी पानं परत मागितली, तर त्याचा आवाज बदलला. "बरं, तुमची मूळ गोष्ट तरी खरी कशावरून? काही आधार? घरातली आठवण म्हणजे इतिहास नव्हे."

आधार! गोमूत्र शिंपडणाऱ्यांनी पावती द्यायला हवी होती का? पण आईला हे सांगितलं, तर ती सहज म्हणाली, "त्या दिवशी जल्मलेली पोरगी जित्ती हाय नं. दुसरबीडले देली होती. जाऊन पाह्य." मी चिखलीला गाडी बदलून दुसरबीडला गेले. रस्त्यालगत तिच्या नातवाचं बी-बियाण्याचं दुकान, मागे घर. म्हातारी खाटेवर बसून लसूण सोलत होती. सारा जन्म सासरी काढला, पण बोली अजून माहेरचीच. मी कोणाची कोण ते सांगितलं, तशी तिनं माझा हात धरून मला खाटेवर आपल्याजवळ बसवलं. मी दुरुस्त केलेली पानं तिच्यापुढे ठेवली. तिनं चष्मा लावला, हात जोडलेल्या पाटलाच्या चित्रावर बोट ठेवलं.

"हा कोन वं?"

"तुमचे आजोबा."

"माहा आजा?" ती इतक्या जोरात हसली की सून आतून बघायला आली. मग हसू गेलं आणि ती चिडलीच. "काऊन खोटं लिवता वं? माहा आजा म्हनत होता, सून मरन तं मरू दे, पन समोरून नाही. हात कोनाले जोडते तो!"

मी माझी मूळ पानं काढली. ती तिनं सावकाश बघितली, आणि मान हलवली. "हेही पुरं नाही," ती म्हणाली. "तुही पनजी पायरीवर बसली, खरं हाय. पन माह्या मायचं वरडनं तिच्यानं आयकवलं नाही. ती उठली. मागच्या दाराकडे निंगालीच होती. तं माह्या मायनं खोलीतून पाह्यलं अन् बोंबलली, समोरूनच आना तिले, मागून आली तं मी तिले हात लावू देनार नाही! मंग सासू रडाले लागली, अन् आजा हटला. मायनं मले हे मरेपर्यंत सांगतलं."

माझी पणजी उठली होती. मला तिची लाज वाटली नाही बाबा, उलट ती पहिल्यांदा मला माणूस वाटली. दारापेक्षा मोठी नाही, बाईएवढी. आणि आत ती दुसरी, कळांनी पिळवटलेली, स्वतःचा जीव टांगणीला लावून दुसरीसाठी भांडणारी. हे सगळं मनात जागा शोधत होतं, तोच म्हातारी म्हणाली, "तुह्या बापालेही सांगतलं होतं मी. आला होता अथी, पडदा रंगवाच्या आंधी. म्हने, आत्या, हे काढलं तं लोक शेवटी तुमच्याच घरची आरती करतीन."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. चुलीपाशी मी विचारलं तेव्हाही माहीत होतं. माझ्या प्रश्नाला उत्तर होतं, चांगलं उत्तर होतं, आणि तुम्ही माझा प्रश्न बाहेरच्यांचा ठरवून मला गप्प केलंत. येताना एसटीत मी तुमच्याशी मनातल्या मनात इतकी भांडले की शेजारची बाई सरकून बसली. ते पुण्याचे लोक तरी परके. तुम्ही तर "खरी गोष्ट" म्हणून छडी आपटायचे, आणि खऱ्यातला अर्धा भाग गिळून बसला होतात.

पण पुढे जे झालं त्यानं मी जास्तच चिडले. आधार मिळाला, साक्षीदार जिवंत आहे, असं मी संपादकाला कळवलं, सगळं सांगितलं. तो खूश झाला. "अरे वा! मग मुखपृष्ठावर सूनबाईच घेऊ या. पुस्तकाचं नावही तिच्यावरून ठेवू. अंधारातली पाटलीण!" तुमचे शब्द, बाबा, जसेच्या तसे खरे झाले. मी त्याला म्हटलं, माझं एकही चित्र वापरायचं नाही, आणि फोन ठेवला. तुमचं खरं ठरल्याचा राग वेगळाच असतो. तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

मी गोष्ट पुन्हा काढली. पणजी काळी, आपल्या बोलीत बोलणारी. ती पायरीवर बसते, एका पानावर उठते, तिचं तोंड मागच्या दाराकडे वळतं. त्याच पानावर आत ती दुसरी, अर्धी उठून बसलेली, तोंड उघडलेलं. खामगावच्या एका छोट्या छापखान्यातून मी ती चित्रकथा छापून घेतली आणि यंदाच्या जयंतीला समाजमंदिरात पानं मोठी करून लावली, तुमच्यासारखीच एकेक सांगत गेले. दुसरबीडची म्हातारी नातवाच्या गाडीतून आली आणि पुढे खुर्चीवर बसली. पणजी उठते ते पान आलं, तसे आपल्यातले एक म्हातारे काका उठून उभे राहिले. "तुह्या बापानं काढलं ते बराबर होतं. तू आपली बुढी उठून पळतानी दाखवली, अन् मान त्यायले देला!"

मी म्हटलं, "पळत नाही काका, आत चालली. बाई मरून राह्यली होती म्हणून."

"अन् उद्या लोक म्हनतीन, पाटलाच्या घरानं दार उघडलं!"

"म्हणू देत. त्यांनाही पुस्तक उघडून दाखवीन, दारात कोण बसलं होतं ते."

ते तणतणत निघून गेले, त्यांच्यासोबत आणखी चारदोन जण गेले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. बाकीचे बसून राहिले. म्हातारी खुर्चीतून कशीबशी उठली, त्या पानाजवळ गेली आणि आधी तुमच्या आजीच्या पायांना हात लावला, मग आपल्या आईच्या.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. तुमच्या पडद्यातला चौकोन मी भरला, आणि तुमच्याशी अजून भांडते आहे. फक्त एक कबूल करते. तुम्ही हयात असता, तर ते पान मी काढलं नसतं.