उष्टी हळद आणि उशिरा पोचणारा तारा

आदरणीय भावजींना, डोळ्यांना सोसेल इतक्याच उजेडात लिहिलेला साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक असं लिहायचा रिवाज आहे, पण आमच्या मोरीतला बल्ब अजून लाल आहे. तुमचे डोळे काळोखाला सरावलेले राहावेत म्हणून तुम्ही त्याला लाल कागद डकवलात. तो खरवडूनही निघत नाही. रोज दात घासताना मी आरशात कुणाचा तरी खून करून आल्यासारखा दिसतो. बाकी तब्येत बरी. तुमची मान कशी आहे? (वर बघून अवघडलेली. कुणापुढे वाकून नव्हे, याची खात्री आहे.)

तुमचा ताराही आठवतो. तो दर काही तासांनी फुगतो, आकसतो, उजेड कमीजास्त करतो. न दिसणाऱ्या जोडीदाराबरोबर फिरताना पलीकडे गेला की त्याचा उजेड इथे जरा उशिरा पोचतो, आणि त्या उशिरावरून तुम्ही त्याचा फेरा मोजता. हे समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली. आमचा गोमा शहापूरहून उशिरा आला की कुठे वळसा घालून आला हे त्याची बायको बारकी त्याला उंबऱ्यातच सांगते, आणि नवऱ्याच्या अभ्यासासाठी तिला कुणी अनुदान देत नाही.

तर तुम्ही पुण्याहून आणलेली दुर्बीण आमच्या खळ्यावर, आणि शेजारी चिमाबाईच्या पिंकीची हळद. मांडवभर झगमगाट. तुम्ही मला दिवे बंद करायला सांगायला पाठवलंत (शास्त्रज्ञांना शेजारी नसतात, मेहुणे असतात). चिमाबाई म्हणाली, "येक तास काळोख ना रं? करू. पन तुझ्या भावजींना उद्या लग्नाला जेवाया बसव. नाय आले तं तू पन तोंड दावू नको." मी शब्द दिला. दिवे गेले. पाहुणे मटण चाचपत बसले.

नेमकी तेव्हाच नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन मुरबाडहून जीप आली. घर काळंठिक्कर, म्हणून तशीच पुढे गेली. पुढच्या पाड्यावर उजळलेला मांडव दिसला. मंडळी उतरली, जेवली, नाचली, आणि हळद लावायला वाकली तेव्हा नवरी भलतीच निघाली. आमच्याकडे पोचली तोवर दिवे लागले होते आणि तुम्ही "उशीर मिळाला" म्हणून खुशीत होतात. आम्हालाही मिळाला, भावजी. जीपचा फेरा आम्हीही उशिरावरूनच काढला. वर पुरावा म्हणून मिशांना रस्सा होता.

नवऱ्याची मावशी उतरल्याउतरल्या म्हणाली, "मगा समदा काळोख व्हता, लाइट कापल्याली दिसतं. बिल न भरनाऱ्यांची पोर केली काय गो आमी?" पिंकी ऐकत होती. तुम्ही मात्र पहाटेच दुर्बीण गुंडाळून पुण्याला गेलात. लग्नात तुमचं पान वाढलेलं होतं. चिमाबाईने ते उचलू दिलं नाही. मला त्याच्यासमोर बसवलं.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, ताऱ्याला काही नाही.

आपला, शब्द देऊन बसलेला मेहुणा,
साईनाथ

ता. क. सासरी पिंकीला अजून "काळोखातली" म्हणतात. त्या मावशीच्या नावे कॉलेजचा शिक्का मारून दोन ओळी लिहा, की बिल भरलेलं होतं, दिवे तुमच्या ताऱ्यासाठी मालवले. पत्राचा हेतू एवढाच. बल्बचं मी बघेन.

आणखी एक. आहेराच्या वेळी माईकवर तुमचं नाव पुकारलं आणि पिंकीला साडी मी दिली. कुणी विचारलंच तर रंग हिरवा.