रोज सव्वातीनला येणारा चोर

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या सहाच अंगांनी, उरलेली दोन तू मनाने लावून घे). तुझे गुडघे कसे आहेत?

मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल थोडा आदर शिल्लक राहील. भंगारातल्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला. त्याला जुन्या लिफ्टमधला पंखा बसवला (आमच्या लिफ्टदुरुस्तीत असे पंखे निघतात, साहेबांना विचारून घेतला). आईने शिवता शिवता गायलेल्या एकतीस कॅसेटी, गुंतलेली फीत पेन्सिलीने गुंडाळत, त्यात उतरवल्या. आणि या सगळ्यापुढे फायरवॉल उभी केली. शिकवायला कोणी नव्हतं.

फायरवॉल म्हणजे दाराशी बसवलेला राखणदार. गाणी राहणार माझ्याच घरी. तू तिकडून पासवर्ड टाकलास की आईचा आवाज नळाच्या पाण्यासारखा तुझ्या फोनवर वाहत येणार. पासवर्ड तीनदा चुकला की राखणदार दिवसभर दारात उभं करत नाही (हे कलम माझं). फोनवर मी तुला म्हणालो होतो, पासवर्ड सांगायला कशाला हवा, घरात मला जे म्हणायचे तेच. वर हेही म्हणालो की शेंबड्या पोरालाही जमेल. ते म्हणायला नको होतं.

त्यानंतर एक चोर मागे लागला. रोज दुपारी सव्वातीनला यायचा, तीनदा दार वाजवायचा, हाकलला जायचा. असे एकोणीस दिवस! मी कामावर सगळ्यांना सांगितलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका बाईंना तर दार उघडेपर्यंत सगळं सविस्तर सांगितलं (त्या बिचाऱ्या जाणार कुठे?). दर रविवारी तुलाही सांगत होतो, फक्त त्याची वेळ सोडून, कारण सुरक्षेच्या गोष्टी फोनवर बोलू नयेत. तू म्हणायचीस, "अगं बाई! सांभाळ हो." मग मी विचारायचो, गाणी ऐकतेस ना? "ऐकते तर! आवाज किती स्वच्छ आलाय."

विसाव्या दिवशी चोर टाकतो तरी काय, ते उघडून पाहिलं (सर्व्हर तेही टिपून ठेवतो, ही सोयही माझीच). सत्तावन्न वेळा एकच शब्द. बेडक्या.

ताई, मी हातातला पाना खाली ठेवला. मी ठेवलेला शब्द होता इंजिनीअर, बाबा म्हणायचे तो. चारचौघांत सांगता येतो, म्हणून तोच माझ्या लक्षात राहिला. बेडक्या मला जगात दोघीच म्हणायच्या. एक कॅसेटीत आहे, आणि दुसरीला मी एकोणीस दिवस दाराबाहेर ठेवलं. भांडी आवरून, चष्मा पुसून तू रोज बसत असशील. दुसरा शब्द तुला सुचलाही नसेल. आणि मला वाईट वाटू नये म्हणून रविवारी आवाज स्वच्छ म्हणत असशील. चुकलो. आता पासवर्ड बेडक्या आहे, आणि तुझ्यापुरती तीनदाची अट काढली आहे. हवं तितक्या वेळा चूक.

तुझा,
(राखणदार चोख निघाला याचा अजूनही थोडा अभिमान असलेला) भाऊ

ता. क. खरं काम वेगळंच आहे. सातव्या कॅसेटीत बाराव्या मिनिटाला शिवणयंत्र थांबतं, आई मला हाक मारते आणि पुढे काहीतरी बोलते. लिफ्टच्या मोटारींच्या आवाजाने माझा डावा कान गेला आहे आणि उजवाही त्याच वाटेवर आहे (घरी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस). चाळीसदा लावलं, कळत नाही. तू ऐक आणि जसंच्या तसं लिहून पाठव. रागावली असली तरी.

आणखी एक. स्टुडिओवाले एक गृहस्थ घरी आले होते. यंत्राची घरघर, आपली भांडणं, आईचं मधेमधे बोलणं, सगळं काढून टाकतो म्हणाले, नुसती गाणी विकत द्या. मी नको म्हटलं. पंचेचाळीस हजार देत होते.